विजेचे पेव : उद्योग-व्यवसायांसाठी बॅटरी-संचय

सुगीच्या दिवसांत धान्याला भाव नसतो आणि आषाढ-श्रावणात तेच धान्य मिळेनासे होते, हा अनुभव आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणूनच घरात कणगी आली आणि गावात पेव आले. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर व्यापारी जगतात प्रसिद्ध आहेत. जमिनीच्या पोटात हळद सुरक्षित राहावी आणि बाजार चांगला असेल तेव्हा ती बाहेर काढावी, हा त्यामागील साधा विचार. जे मुबलक आहे ते राखून ठेवावे आणि टंचाईच्या वेळी वापरावे, हे सूत्र धान्याला व हळदीला जसे लागू आहे तसेच ते आज विजेलाही लागू होऊ लागले आहे. कारखाने, शीतगृहे, दूध शीतकरण केंद्रे, रुग्णालये, हॉटेले, पेट्रोल पंप अशा ठिकाणी मोठ्या आकाराच्या बॅटऱ्या बसविण्याचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. त्यांतील काही प्रस्ताव उपयुक्त आहेत, काही केवळ आकर्षक आहेत. या दोहोंतील भेद ओळखता यावा यासाठी अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना या विषयाची मूलतत्त्वे ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

गरज कशातून निर्माण झाली

वीज ही अशी वस्तू आहे की, ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. तो बिघडला की, जाळ्यातील विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झपासून ढळते आणि बिघाड फार वाढल्यास संपूर्ण प्रदेश अंधारात जातो. ३० व ३१ जुलै २०१२ या दोन दिवशी उत्तर व पूर्व भारतात आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशात वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा या जाळ्याची नाजूक बाजू सर्वांच्या प्रत्ययास आली.

कोळशावर किंवा पाण्यावर वीजनिर्मिती होत असताना मागणी वाढली की निर्मिती वाढविणे शक्य असते. सूर्याच्या बाबतीत तसे नाही. दुपारी बारा ते दोनच्या सुमारास सौर वीज भरपूर मिळते. सायंकाळी सहानंतर ती शून्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे व दुकाने सुरू होतात. दुपारची सुगी आणि संध्याकाळची टंचाई असे हे नवे ऋतुचक्र दररोज फिरते आहे.

वीज साठविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यातील भिरा येथे १५० मेगावॉटचा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवावयाची, ही त्यांची कार्यपद्धती. परंतु अशा प्रकल्पाला डोंगर हवा, पाणी हवे आणि अनेक वर्षांचे बांधकाम हवे. एखाद्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराला स्वतःच्या आवारात घाटघर उभारता येणार नाही. त्याच्यासाठी बॅटरी हाच पर्याय उरतो.

देशातही या दिशेने पावले पडली आहेत. दिल्लीत रोहिणी येथील उपकेंद्रात २०१९ मध्ये १० मेगावॉट क्षमतेचा बॅटरी-संच कार्यान्वित झाला. छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे २०२४ मध्ये सौर प्रकल्पाला जोडून ४० मेगावॉटचा, १२० मेगावॉट-तास वीज साठविणारा संच उभा राहिला. २०३१-३२ साली देशाला सुमारे ४७ गिगावॉट क्षमतेच्या बॅटरी-संचयाची आवश्यकता भासेल, असा अंदाज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात वर्तविला आहे.

बॅटरीची घडण

पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली उपयुक्त बॅटरी फ्रान्समधील गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. शिसे व गंधकाम्ल यांची ती बॅटरी सुधारलेल्या स्वरूपात आजही ट्रॅक्टरमध्ये आणि घरच्या इन्व्हर्टरमध्ये आढळते. ती स्वस्त आहे. परंतु जड आहे, आणि वारंवार पूर्ण रिकामी केल्यास लवकर निकामी होते.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. प्रारंभी ती कॅमेरे, दूरध्वनी संच व संगणक यांत वापरली जात असे. २०१० च्या सुमारास एक किलोवॉट-तास वीज साठविणाऱ्या लिथियम बॅटरीची किंमत १,००० डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये तिची जागतिक सरासरी सुमारे ११५ डॉलरपर्यंत खाली आली. अर्थात, ही किंमत केवळ बॅटरीची. परिवर्तक, शीतन, अग्निसुरक्षा, पाया, जोडणी व कर मिळून संपूर्ण संचाची किंमत याहून बरीच जास्त होते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

लिथियम बॅटरीचे अनेक प्रकार आहेत. उद्योगांसाठीच्या स्थिर संचांत मुख्यतः लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार वापरला जातो. तो तुलनेने जड असला तरी अधिक टिकाऊ आहे व उष्णतेला अधिक तोंड देतो. त्याचा एक घट सुमारे ३.२ व्होल्ट दाबाचा असतो. २८० अँपिअर-तास क्षमतेच्या अशा एका घटात सुमारे ०.९ युनिट वीज मावते. असे २४० घट एकामागोमाग एक जोडले की ७६८ व्होल्ट दाबाचा व सुमारे २१५ युनिट वीज साठविणारा संच तयार होतो. एखाद्या मोठ्या कपाटाएवढ्या पोलादी पेटीत तो बसतो. बॅटरीत वीज एकदिश प्रवाहाच्या रूपात असते, तर कारखान्यातील यंत्रांना प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. म्हणून पेटीला परिवर्तक जोडलेला असतो. प्रत्येक घटाचा दाब व तापमान यांवर लक्ष ठेवून धोक्याच्या वेळी संच बंद करणारी नियंत्रण-व्यवस्था हे या पेटीचे सर्वांत महत्त्वाचे अंग होय.

मापे समजून घ्या

बॅटरीच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात आणि बहुतेक गैरसमज त्यांच्यातूनच उद्भवतात. किलोवॉट म्हणजे वीज देण्याचा वेग आणि किलोवॉट-तास, म्हणजेच आपल्या बिलातील युनिट, ही विजेची राशी. पाण्याच्या टाकीची उपमा द्यावयाची तर नळाची तोटी म्हणजे किलोवॉट आणि टाकीतील पाणी म्हणजे युनिट. १०० किलोवॉटचा व २०० युनिटांचा संच पूर्ण भाराने दोन तास चालेल. त्यावर ५० किलोवॉटचा भार टाकल्यास चार तास चालेल. परंतु १५० किलोवॉटची यंत्रे त्याच्यावर एकाच वेळी चालणार नाहीत. विक्रेता केवळ एकच आकडा सांगत असेल तर दुसरा विचारला पाहिजे.

तिसरा विचारण्याजोगा आकडा कार्यक्षमतेचा. बॅटरीत जितकी वीज घालावी तितकी परत मिळत नाही. चांगल्या लिथियम-लोह-फॉस्फेट संचातून शंभर युनिटांपैकी साधारणतः ८५ ते ९० युनिटे परत मिळतात. उरलेली उष्णतेत व शीतनात खर्ची पडतात. तेव्हा बॅटरी वीज निर्माण करीत नाही, किंबहुना ती थोडी वीज खाते, हे तत्त्व कायम स्मरणात असावे. चौथा आकडा आयुष्याचा. भरणे व रिकामे करणे यांची काही हजार आवर्तने हा संच सहन करतो, पण त्याची साठवणक्षमता वर्षागणिक घटत जाते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही घट अधिक वेगाने होण्याचा संभव असतो. म्हणून शीतनाची व्यवस्था व सावली यांत काटकसर करून चालत नाही.

उद्योजकाला होणारे लाभ

बॅटरी-संचयापासून उद्योग-व्यवसायाला मुख्यतः तीन मार्गांनी लाभ होऊ शकतो.

पहिला मार्ग वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदराचा. केंद्र शासनाने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत सुधारणा केली. तदनुसार १० किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पर्यंत वेळेनुसार दर लागू करावयाचे होते. दिवसातील आठ सौर तासांचा दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी सर्वाधिक मागणीच्या काळातील दर किमान २० टक्क्यांनी अधिक असावा, असे हे नियम सांगतात. प्रत्यक्ष दर व तास राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. दुपारी स्वस्त वीज भरून ठेवावी आणि संध्याकाळी ती वापरावी, हा यातील लाभ.

दुसरा मार्ग मागणी आकाराचा. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात वापरलेल्या युनिटांखेरीज मागणी आकार असतो. महिन्याभरात ठरावीक मिनिटांच्या एखाद्या अवधीत झालेल्या सर्वोच्च मागणीवर तो आधारलेला असतो. सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू झाली की हा उच्चांक नोंदला जातो. त्या वेळी काही भार बॅटरीने उचलल्यास उच्चांक खाली येतो.

तिसरा मार्ग डिझेल जनित्राला पर्याय म्हणून. एक लिटर डिझेलमधून साधारणतः तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते. म्हणजे ही वीज महावितरणच्या विजेपेक्षा कितीतरी महाग पडते, शिवाय धूर व गोंगाट होतो तो वेगळाच. वीज गेल्यापासून जनित्र सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांतही नाजूक यंत्रांचे नुकसान होते. योग्य जोडणी असल्यास बॅटरी हा खंड पडू देत नाही.

एक हिशेब

हे लाभ प्रत्यक्षात किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. यातील दर हे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने स्वतःच्या बिलातील दर त्या जागी घालावेत.

समजा, एका शीतगृहाने २०० युनिट उपयुक्त साठवण असलेला संच ३० लाख रुपयांना घेण्याचे ठरविले. विजेचा सर्वसाधारण दर युनिटला ८ रुपये, सौर तासांतील दर ६ रुपये ४० पैसे व सायंकाळचा दर ९ रुपये ६० पैसे आहे. संचाची कार्यक्षमता ८८ टक्के धरू. सायंकाळी २०० युनिट मिळण्यासाठी दुपारी सुमारे २२७ युनिट भरावी लागतील. त्यांचा खर्च १,४५३ रुपये आणि सायंकाळची बचत १,९२० रुपये. म्हणजे दिवसाला ४६७ रुपये निव्वळ लाभ. वर्षातील ३०० दिवस हा क्रम चालला तर १ लाख ४० हजार रुपये होतात. या एकाच लाभावर विसंबल्यास ३० लाख रुपये वसूल होण्यास २१ वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर बॅटरीचे आयुष्य संपण्याचाच संभव अधिक.

आता दुसरा लाभ मिळवू. बॅटरीमुळे सर्वोच्च मागणी ६० केव्हीएने खाली आली आणि मागणी आकार केव्हीएमागे दरमहा ६०० रुपये असला, तर वर्षाची बचत ४ लाख ३२ हजार रुपये होते. तिसरा लाभ डिझेलचा. महिन्याला ६०० युनिट वीज जनित्राऐवजी बॅटरीतून मिळाली आणि युनिटमागे २० रुपये वाचले, तर वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये वाचतील. तिन्ही मिळून ७ लाख १६ हजार. भांडवल सव्वाचार वर्षांत वसूल! प्रस्तावांच्या शेवटच्या पानावर असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला आढळला तर नवल नाही.

येथेच खरी मेख आहे. एका घागरीतले पाणी तिघांना पुरे भरून देता येत नाही. सायंकाळी सातपर्यंत महागड्या दराच्या तासांत बॅटरी रिकामी केली आणि साडेसातला वीज गेली, तर जनित्रच सुरू करावे लागणार. म्हणून आणीबाणीसाठी काही राखीव साठा ठेवणे भाग आहे. समजा, ६० युनिटे राखून ठेवली, तर पहिला लाभ ९८ हजारांवर येतो. राखीव साठा तासाभराचाच असल्याने दीर्घकाळ वीज गेल्यास डिझेल लागणारच. तो लाभ निम्मा, म्हणजे ७२ हजार धरू. मागणी आकाराचेही तसेच. महिन्यात एक दिवस जरी बॅटरी ऐनवेळी भरलेली नसली, तरी त्या दिवशीचा उच्चांक संपूर्ण महिन्यासाठी नोंदला जातो. शिवाय मागणी आकार ठरविताना करारित मागणीचा ठरावीक हिस्सा व मागील महिन्यांतील उच्चांक हेही विचारात घेतले जातात. सबब, करारित मागणी कमी करून घेतल्याखेरीज पुरा लाभ पदरात पडत नाही. हाही लाभ निम्मा, म्हणजे २ लाख १६ हजार धरला, तर एकूण बचत ३ लाख ८६ हजार रुपये होते आणि भांडवल वसूल होण्यास पावणेआठ वर्षे लागतात. त्यात कर्जाचे व्याज, देखभाल व क्षमतेतील घट मिळविल्यास हा काळ आणखी वाढेल.

सव्वाचार आणि पावणेआठ या दोन आकड्यांत एखाद्या लहान उद्योजकाचे किंवा सहकारी संस्थेचे भवितव्य सामावलेले असते. पाच वर्षांच्या मुदतीचे कर्ज पहिल्या हिशेबावर फेडता येते, दुसऱ्यावर फेडता येत नाही. सभासदांच्या पैशातून असा संच घेणाऱ्या संस्थेच्या संचालकांनी व त्या प्रस्तावाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिन्ही लाभांची सरळ बेरीज कधीही मान्य करू नये. वर्षभराच्या बिलांवरून व मीटरमधील नोंदींवरून तासवार हिशेब मागावा. जेथे वीज वारंवार जाते, जेथे उच्चांक अल्पकाळाचा पण तीव्र असतो, किंवा छतावरील सौर संचाची वीज दुपारी शिल्लक राहते, तेथे बॅटरी लाभदायक ठरण्याचा संभव अधिक. जेथे भार दिवसरात्र एकसारखा आहे, तेथे हात आखडता घेणे शहाणपणाचे ठरते.

वीजच साठवावी काय?

याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे. आपल्याला वीज साठवावयाची आहे, की विजेने होणारे काम? दूध शीतकरण केंद्राला थंडावा हवा असतो. दुपारच्या स्वस्त विजेवर पाण्याचा बर्फ करून ठेवला आणि सायंकाळचे दूध त्यावर थंड केले, तर थंडावाच साठविला गेला. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. बर्फाची टाकी बॅटरीइतकी नाजूक नसते व तिची किंमतही तुलनेने कमी असते. शीतगृहाची भिंत व दारे नीट उष्णतारोधक केली तर साठवणीची गरजच घटते.

ग्रामपंचायतीला तर हे उदाहरण रोजच्या व्यवहारातले आहे. गावाचा उंच जलकुंभ हीच एक मोठी बॅटरी आहे. पंप सौर तासांत चालवून जलकुंभ भरून ठेवला की संध्याकाळचे पाणी विजेशिवाय मिळते. पिठाची गिरणी, कांडप यंत्र, लाकूड कापण्याचे यंत्र यांचे वेळापत्रक बदलणे हीदेखील एक प्रकारे साठवणच होय, आणि तिला भांडवल लागत नाही. अशा सर्व उपायांनंतर जी गरज उरेल तिच्यासाठी बॅटरीचा विचार करावा, हा क्रम योग्य.

दक्षिण कोरियाचा धडा

बॅटरी-संचयाच्या प्रसारात दक्षिण कोरियाने मोठी आघाडी घेतली. वीजदरातील सवलतींमुळे कारखाने, इमारती व सौर केंद्रे यांत अल्पावधीत शेकडो संच बसविले गेले. ऑगस्ट २०१७ ते मे २०१९ या काळात त्या देशात अशा संचांना २३ आगी लागल्या. शासनाच्या तपास समितीने जून २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. विद्युत आघातापासून बॅटरीचे रक्षण करणारी व्यवस्था अपुरी असणे. धूळ, दमटपणा व तापमान यांकडे दुर्लक्ष. बसविताना झालेल्या चुका. आणि बॅटरी, परिवर्तक व नियंत्रण-व्यवस्था यांच्यात एकसूत्रीपणा नसणे, ही चार कारणे समितीने दाखवून दिली. त्यानंतरही आगी लागल्या; पुढील तपासात काही घटांतील दोषांकडे बोट दाखविण्यात आले आणि संच पूर्ण न भरता ठरावीक मर्यादेपर्यंतच भरावेत, असे उपाय योजण्यात आले. सवलत आधी आली व सुरक्षिततेचे नियम मागाहून आले, त्याची ही किंमत होती.

चीनमध्ये बीजिंग येथे १६ एप्रिल २०२१ रोजी एका व्यापारी आवारातील बॅटरी-संचाला आग लागली. तेथे लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्याच होत्या. आग विझविण्याचे काम चालू असताना स्फोट झाला व अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले. हा प्रकार पेट घेतच नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. घट बिघडून तापू लागला की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. बंद जागेत ते साचले तर ठिणगीची वाट पाहत राहतात. एका तापलेल्या घटाची उष्णता शेजारच्या घटाला तापविते आणि ही साखळी थांबविणे कठीण होते. ज्वाला विझल्या तरी आतील उष्णता टिकून राहते व काही तासांनी पुन्हा पेट घेतला जातो. म्हणून बराच काळ भरपूर पाण्याने थंड करीत राहावे लागते.

पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आधी हवा खेळू द्यावयाची, मग उतरावयाचे, हा जुन्या माणसांचा दंडक आहे. तो मोडणाऱ्यांचे प्राण गेल्याच्या घटना आपल्या ग्रामीण भागाला अपरिचित नाहीत. विजेच्या पेवालाही तोच दंडक लागू आहे.

स्थानिक पातळीवरील दक्षता

आपल्या हद्दीत असा संच बसविला जात असेल तर ग्रामपंचायतीने व संबंधित अधिकाऱ्यांनी पुढील बाबींची विचारणा अवश्य करावी. संच इमारतीबाहेर मोकळ्या जागेत व वस्ती, शाळा, गंजी आणि इंधनाचे साठे यांपासून पुरेशा अंतरावर आहे काय? तळघरात किंवा जिन्याखाली तर तो ठेवलेला नाही ना? वायू बाहेर जाण्याची वाट व वायू-सूचक यंत्रे आहेत काय? पुराच्या पातळीपेक्षा पाया उंच आहे काय? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांचे पालन झाले आहे काय आणि विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाकडून आवश्यक ती तपासणी झाली आहे काय? बाहेरून संच बंद करण्याची कळ कोठे आहे, हे रात्रपाळीच्या रखवालदाराला माहीत आहे काय? नजीकच्या अग्निशमन केंद्राला संचाचा प्रकार, क्षमता व जागा लेखी कळविली आहे काय? यांपैकी शेवटच्या दोन प्रश्नांना खर्च जवळजवळ नाही, पण प्रसंगी माणसांचे प्राण त्यांच्यावरच अवलंबून असतात.

निकामी बॅटरीचे काय करावयाचे, हा प्रश्नही खरेदीपूर्वीच विचारला पाहिजे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ अन्वये, वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर किंवा पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आलेली आहे. ही जबाबदारी खरेदीच्या करारात स्पष्टपणे नमूद करून घ्यावी. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून व वितळवून माती, पाणी आणि लहान मुलांचे आरोग्य यांची जी हानी होते, तिची पुनरावृत्ती लिथियमच्या बाबतीत होऊ देता कामा नये. भंगारवाल्याच्या गाडीवर असा घट जाणे हे कायद्याला व सुरक्षिततेला सारखेच बाधक आहे.

शिक्षकांसाठी

हा विषय वर्गात शिकविण्यास महागडे साहित्य लागत नाही. विजेरीच्या एका लहान सेलमध्ये दीड व्होल्ट दाबाने सुमारे २ अँपिअर-तास, म्हणजे ३ वॉट-तास वीज असते असे धरावे. एक युनिट वीज मिळण्यास असे किती सेल लागतील, हा हिशेब विद्यार्थ्यांना करावयास सांगावा. उत्तर सुमारे ३३३ येईल. सेलची बाजारातील किंमत लावली की, घरी काही रुपयांना मिळणारे युनिट साठविलेल्या रूपात किती मोलाचे होते, हे मुलांच्या सहज लक्षात येईल. त्यानंतर प्रत्येकाने घरचे वीजबिल आणावे व कोणता वापर दुपारी हलविता येईल याची यादी करावी. साठवणीचे तंत्रज्ञान उद्या बदलेल, पण वापराची शिस्त हीच पहिली साठवण, हा संस्कार कायम टिकेल.

समारोप

बॅटरी-संचय हा उद्योगांच्या वीजप्रश्नावरील रामबाण उपाय नव्हे, तसेच तो श्रीमंतांचा खेळही राहिलेला नाही. किमती उतरत आहेत, सौर वीज वाढत आहे आणि दुपार व सायंकाळ यांच्या वीजदरांतील अंतर आता नियमांनीच आखून दिले आहे. येत्या काळात लहान गावांतील शीतगृहे, दूध संस्था आणि रुग्णालये यांच्या आवारात अशा पेट्या दिसू लागतील. त्या वेळी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ही साठवण खरोखर आवश्यक आहे काय? तिचा हिशेब तासातासाचा मांडला आहे काय? आणि तिच्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना धोका नाही ना? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तेथे या नव्या पेवाचे स्वागत करावे. नसतील तेथे प्रस्ताव पुन्हा पाठवावा. कारण पेव भरण्याआधीच त्याची जमीन पारखावी लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.